आमची वाटचाल : एमरी रोलर आणि अडकलेला हप्ता

कारंजा भागात आम्ही मिनी डाळमिल बनवतो. सुरुवात दुरुस्तीपासून झाली: रोलरवर एमरी (साल घासून काढणारा खडबडीत थर) चढवणं, जाळ्या बदलणं, बेअरिंग बसवणं. पुढं मिल बनवू लागलो, त्याही विकल्या गेल्या. सांगण्यासारखा काळ आहे तो नव्या रोलरचा.

तुरीचं साल डिंकानं घट्ट चिकटलेलं असतं. एमरी जास्त भरड किंवा जाळी फार जवळ असली की गोटा, म्हणजे साल निघालेला अख्खा दाणा, तुटतो, कणी-चुनी (तुकडे आणि भुसा) वाढते आणि डाळीचा उतारा कमी होतो. म्हणून निमुळता रोलर करायचं ठरलं, दाण्यावरचा दाब हळूहळू वाढावा असा. चाचणीची रीत कडक होती. ५० किलोचा लॉट, आधी ओलावा मोजायचा, नंतर डाळ, गोटा, कणी, चुनी वेगळी तोलायची. बेरीज जुळली नाही तर तो लॉट बाद.

या रोलरच्या संशोधनासाठी अनुदान मिळालं, त्याचा पहिला हप्ता आगाऊ आला. मंजुरी फक्त रोलर-स्टँडची होती, पण हाती पैसा आल्यावर आम्ही स्वतःचे घालून व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) आणि ओलावामापक घेतला. एरवी हा खर्च केलाच नसता. दुसरा हप्ता अडला. एमरीचं बिल ‘उपभोग्य साहित्य’ऐवजी ‘यंत्र’ या खर्चाच्या शीर्षात हवं होतं, एवढंच कारण सांगितलं गेलं. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते, तेल-पाणी लावून उन्हात वाळवायचे दिवस मेपर्यंत. पावसाळ्यात पैसे येऊन काय करता? सीसी (कॅश क्रेडिट) कर्जखात्याचं व्याज चढलं, मजुरी थकली, दुसऱ्या रोलरचं काम आम्ही बंद केलं. संशोधनाचा आमचा वाटाही बँकेच्या व्याजात गेला.

रिसोडकडचे काकाजी तेव्हा उभे राहिले नसते तर वर्कशॉप विकावं लागलं असतं. त्यांनी पुढच्या दोन मिलची रक्कम आगाऊ दिली, आपली तूर आणि गिरणी चाचणीला दिली, आणि प्रत्येक लॉटची चुनी स्वतः तोलली.

याच काळात शहरातल्या एका कंपनीनं आमची निमुळती रचना आपल्या कॅटलॉगात टाकली. संशोधनावरची कर-सवलतही अशांच्याच वाट्याला. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ३५(२एबी) ची वजावट मार्च २०१७ पर्यंत २०० टक्के, मार्च २०२० पर्यंत १५० टक्के, त्यानंतर १०० टक्के. आणि ती फक्त कंपनीला, तीही मान्यताप्राप्त संशोधन विभाग असला तर. आमच्यासारख्या भागीदारी संस्थेला ती कधी लागूच नव्हती. अनुदानाचा आम्हाला जो उपयोग झाला, तो करसवलतीनं होणार नव्हता. नफाच नसेल तर वजावट कशातून घेणार?

नव्या कारखानदारांनी एवढं करावं. अनुदानाचं बँक खातं वेगळं ठेवा. केंद्राच्या अनुदानावर मिळालेलं व्याज परत करावं लागतं. शीर्ष बदलायचं तर बिलाआधी लेखी मंजुरी घ्या. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे केंद्राच्या वित्तीय नियमांतला (जीएफआर) नमुना १२-ए, वर्षअखेरीची वाट न पाहता सीएकडून काढून घ्या. अनुदानातून घेतलेल्या यंत्राच्या किमतीतून ती रक्कम वजा करूनच घसारा लावा. आणि करारात टप्पे महिन्यांनी नव्हे, हंगामानं लिहून घ्या: ‘तूर आवक सुरू होण्याआधी दुसरा हप्ता’.

अडकलेला हप्ता शेवटी मिळाला, पण तेव्हा तुरीचा हंगाम उलटून गेला होता. दुसऱ्या रोलरचा साचा वर्कशॉपात तसाच आहे. या जानेवारीत काकाजींच्या गिरणीवर तो चढवणार आहोत, स्वतःच्या पैशानं.