तुम्ही विचारलंत म्हणून : शिकून प्रचारच करायचा होता का?

लग्नात, बँकेत, परवा तर दातांच्या डॉक्टरांकडेही तोच प्रश्न. "राजकीय संवाद? त्यात एम.ए. करतात? म्हणजे खोटा प्रचार करायलाच शिकलीस ना?" आजवर "तसं नाही हो" म्हणून विषय टाळत आले. आज सांगते.

आम्हाला खोटं बोलायला कुणी शिकवलं नाही. उलट निवडणूक कायद्याचं कलम १२७अ घोकून घेतलं : पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. आणि १९४० साली अमेरिकेत, ओहायोतल्या एरी काउंटीत समाजशास्त्रज्ञ लाझर्सफेल्डच्या चमूने ६०० मतदारांना महिनोन् महिने पुन्हा पुन्हा भेटून काय पाहिलं, ते वाचलं. वर्तमानपत्र आणि रेडिओपेक्षा ओळखीच्या माणसाचा शब्द जास्त चालतो.

तरी तुमचा प्रश्न मला लागतो. कारण ऑक्टोबर २०१९.

दुसऱ्या वर्षाला होते, अनुभव म्हणून विधानसभेच्या एका उमेदवाराच्या कचेरीत बसायचे. १९ तारखेला संध्याकाळी सहाला प्रचाराच्या तोफा थंडावल्या. आदल्या दिवशीची साताऱ्यातली पवारांची पावसातली सभा कचेरीतही जो तो फोनवर बघत होता. सव्वासातला आमच्या उमेदवारसाहेबांच्या पुतण्याने आत बोलावलं. "ताई, एक मेसेज लिहून द्या. खाली नाव नको. एखाद्या बाईने मनापासून लिहिलाय असं वाटलं पाहिजे."

वीस मिनिटांत लिहिला. टँकरच्या रांगेतली विधवा, तिचा शाळकरी मुलगा, पाणी आणून देणारे साहेब. अशी बाई कुठेच नव्हती. आधी 'हंडा' लिहिलं होतं, ते खोडून 'कळशी' केलं. पोराच्या हातात कळशी जास्त खरी वाटते. शुद्धलेखनाच्या दोन चुका मुद्दाम ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आला. आत्याने टाकला होता. "वाचून रडू आलं. आपल्याकडचीच असणार बिचारी." मग तिचा फोन. "तू त्याच भागात आहेस ना? त्या बाईचा पत्ता काढ. पोराच्या वह्या-पुस्तकांचे पैसे पाठवते."

मी म्हणाले, बघते.

मी नसते तर दुसऱ्या कुणी लिहिला असता, अशी तेव्हा मनाची समजूत घातली. आता ती पटत नाही. दुसऱ्या कुणाला ती कळशी सुचली नसती. पण शिकलेच नसते तर बरं झालं असतं, असंही मला म्हणवत नाही. आज मी लसीकरणाचे संदेश लिहिते, खाली विभागाचं नाव छापून. बाळाला टोचून आणायला बिचकणाऱ्या आईला काय ऐकावंसं वाटतं, हे त्याच शिक्षणामुळे कळतं. आणि शब्द निवडताना हात अजूनही तसाच चालतो, याची भीतीही वाटते.

या दिवाळीत आत्याने पुन्हा विचारलं, "त्या पोराचं शिक्षण झालं का गं?"

मी म्हणाले, झालं असेल.