देठ मोडून पाहताना

अपघात झाला तेव्हा गाडी मी चालवत होते. माझ्या शरीरावरच्या जखमा दीड महिन्यात भरून आल्या. शेजारच्या आसनावर बसलेली माझी मैत्रीण मात्र वाचली नाही. चूक समोरून आलेल्या वाहनाची होती असे तपासात निघाले, आणि ते मला अनेकांनी अनेकदा समजावून सांगितले, पण त्या एका क्षणी मी अंतर जोखले होते आणि त्यानंतर ते सगळे घडले, एवढेच माझ्या मनाने धरून ठेवले. पुढची जवळजवळ दोन वर्षे मला कशाचाच अंदाज घेता येईना. दूध नासले आहे की नाही हे मी तीन-तीनदा हुंगून पाहत असे आणि शेवटी ओतून देत असे. रस्ता ओलांडायला कोणाचा तरी हात लागे. ब्रेक करकचून लागल्याचा आवाज आला की काही क्षण मी घरात नसेच, पुन्हा त्या गाडीत असे.

या अवस्थेला नाव आहे हे मला समुपदेशकांकडून कळले. आघातोत्तर ताण विकार, म्हणजे पीटीएसडी, हे निदान अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९८० साली आले. त्याआधीही माणसे हे भोगतच होती, पण त्यांच्यापैकी अनेकांना कमकुवत मनाचे ठरवले गेले असेल, या विचाराने मला त्या दिवशी रडू आले होते. शरीराची धोक्याची घंटा एकदा वाजली ती बंदच झालेली नाही, म्हणून मेंदू प्रत्येक आवाजाला, वासाला, सावलीला संकट समजतो, असे त्यांनी समजावले. मन भूतकाळात खेचले जाऊ लागले की डोळ्यांना दिसणाऱ्या ५ गोष्टी, स्पर्शाच्या ४, आवाजाच्या ३, वासाच्या २ आणि चवीची १ अशी मोजदाद करायची, हा उपायही त्यांनी शिकवला. बंद खोलीत मला तो जमत नसे. भिंत, पंखा, खुर्ची एवढे म्हणून होईपर्यंत मी पुन्हा गाडीत पोहोचलेली असे.

पहाटे साडेतीनला जाग येई आणि नंतर झोप लागत नसे. नुसते पडून राहण्यापेक्षा उजाडताच बाहेर पडा, असे समुपदेशकांनी सुचवले, म्हणून मी घरामागच्या पडीक जमिनीपर्यंत जाऊ लागले. तिथे एक वयस्कर बाई रोज वाकून काहीतरी खुडताना दिसत. आठवडाभर मी लांबूनच पाहिले. मग एके दिवशी त्यांनीच विचारले, “काय बघतेस गं पोरी? ये, हात रिकामे कशाला ठेवतेस?” मी म्हणाले, “आजी, मला यातले काही ओळखता येत नाही.” त्यावर त्या म्हणाल्या, “मग बरं आहे. ज्याला येतंय असं वाटतं तोच चुकतो.”

त्यांनी मला पहिली रानभाजी ओळखायला शिकवली ती घोळ. जमिनीलगत पसरणारी, लालसर गुळगुळीत देठांची, जाड रसरशीत पानांची. तिच्याच शेजारी, तशीच जमिनीला चिकटून, तशीच लालसर देठांची नायटी उगवते, आणि ती खायची नसते. तिचा चीक त्वचेला व डोळ्यांना त्रास देतो. वरून पाहताना नवख्या माणसाचा गोंधळ उडू शकतो. आजींनी दोन्हींची देठे माझ्या हातात दिली आणि मोडायला सांगितली. घोळीच्या देठाच्या टोकाशी स्वच्छ पाण्यासारखा थेंब आला. नायटीच्या देठातून पांढरे दूध निघाले. मग त्यांनी पाने दाबून पाहायला लावली: घोळीचे पान बोटाखाली लुसलुशीत लागते, नायटीचे पातळ आणि कोरडे. घोळीच्या पिकलेल्या बोंडाचे झाकण टोपी काढावी तसे निघते आणि आत बारीक काळे बी दिसते, तेही त्यांनी दाखवले. “एका खुणेवर जायचं नाही,” त्या म्हणाल्या. “सगळ्या खुणा जुळल्या तरच खुडायचं, आणि एक जरी जुळली नाही तर सोडून द्यायचं.”

त्या वाक्याने माझ्यात काय घडवले ते समजायला मला कितीतरी महिने लागले. दिवसभर मी सावधच असे, पण त्या सावधपणाला कुठे थांबायचे हे ठाऊक नव्हते, कारण दार आपटले तर त्यात खरेच धोका आहे का, या प्रश्नाचे उत्तर शोधून पाहण्याची सोयच नव्हती. इथे धोका खरा होता, आणि त्याची विचारपूस करता येत होती. देठ मोडायचे, चीक येतो का पाहायचे, पान दाबायचे, आणि मग हो किंवा नाही म्हणायचे. माझ्या त्याच जागरूक डोळ्यांना, ज्यांचा मला वैताग आला होता, पहिल्यांदाच योग्य काम मिळाले होते. दोन वर्षांनंतर मी एका गोष्टीबद्दल ठामपणे म्हणाले, “ही घोळच आहे,” आणि ती खरोखरच घोळ होती.

चवीचेही असेच झाले. पाण्याची ओढ लागली की घोळ दिवसा पानांची रंध्रे मिटून घेते, रात्री ती उघडून कर्बवायू घेते आणि आम्लाच्या रूपात साठवते. दिवसा उन्हात ते आम्ल वापरले जाते. म्हणून कोरड्या दिवसांत पहाटे खुडलेले पान संध्याकाळच्या पानापेक्षा आंबट लागते. मी धुतलेले एक पान पहाटे आणि त्याच रोपाचे दुसरे संध्याकाळी चावून पाहिले, आणि फरक जिभेला स्पष्ट कळला. खोलीत न जमलेली ती मोजदाद मला या आंबटपणापासून उलटी करता आली: आधी चव, मग ओल्या मातीचा वास, मग बाकीचे. साडेतीनच्या जागरणाचा रागही थोडा ओसरला, कारण माझ्या घराच्या मागे आणखी कोणीतरी रात्रभर कामात होते.

सगळे सरळ झाले असे मात्र नाही. तिसऱ्या महिन्यात घरी निवडताना माझ्याच खुडलेल्या ढिगात नायटीचा एक तुकडा निघाला. मी ढीग टाकून दिला, हात घासघासून धुतले आणि दहा दिवस बाहेर पडले नाही. पुन्हा माझा अंदाज चुकला होता, आणि मनाने तेवढ्यावरून थेट गाडीपर्यंतची वाट काढली. आजींना हे सांगितले तेव्हा त्यांनी माझी समजूत घातली नाही. त्यांनी विचारले, “निवडताना सापडला ना? मग निवडतात कशासाठी?” समुपदेशकांबरोबर या एका प्रश्नावर मी पुढची दोन सत्रे बोलले. चूक झाल्यावर ती पकडण्याची दुसरी संधी असते, ही गोष्ट अपघाताने माझ्या मनातून पुसून टाकली होती.

पुढे जमीन वाळली, तण करपले आणि माझ्या पहाटेला काही कामच उरले नाही. ते महिने वाईट गेले. आजींनी त्या वेळी केना या रानभाजीचे एक वाळके रोप मुळासकट उपटून दाखवले. केनाची निळी फुले सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात, एवढे मला ठाऊक होते. पण तिला जमिनीखालीही न उमलणारी फुले येतात आणि त्यांत तिथेच बी धरते, हे मी मातीने भरलेल्या त्या फिकट खोडावर स्वतःच्या बोटांनी चाचपून पाहिले. मी ती माती परत लोटून नीट दाबली.

हे वाचून कोणी बाहेर पडणार असेल, तर काही गोष्टी कळकळीने सांगते. माझे औषध आणि समुपदेशन या सगळ्या काळात चालू होते, आणि त्यांच्याशिवाय मी त्या पडीक जमिनीपर्यंतही पोहोचले नसते. वनस्पती ओळखायला जाणत्या माणसाकडूनच शिका. मोबाइलमधल्या ॲपने सांगितलेल्या नावावर विसंबून काहीही तोंडात घालू नका. वाहत्या रस्त्याच्या कडेचे, सांडपाण्याजवळचे आणि तणनाशक फवारलेल्या जागेचे काही खुडू नका. नवी भाजी पहिल्यांदा अगदी थोडी खा. घोळ, आंबुशी, चाकवत यांत ऑक्झॅलिक आम्ल असते, तेव्हा मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि एका जागचे सगळे ओरबाडू नका. मी शेंडे खुडते, मुळे राहू देते.

मी अजून गाडी चालवत नाही. ब्रेकचा आवाज अजूनही अंगात शिरतो. गेल्या आठवड्यात पहाटे तो आला तेव्हा माझ्या हातात घोळीची जुडी होती, आणि भानावर आले तेव्हा ती मुठीत चुरगळून बोटे ओली झाली होती. ओलावा पांढरा आहे का ते मी आधी पाहिले. मग तिथेच बसून जुडी पदरावर पसरली आणि एकेक देठ पुन्हा मोडून पाहिले.