मे महिन्यातले सर आणि ताई

बारावीची परीक्षा मार्चमध्ये उरकते आणि निकाल लागतो मे महिन्यात, मधले दोन महिने आमच्या बीड जिल्ह्यातल्या पाटोदा-शिरूर भागातली पोरं एकदम मोकळी. मोकळी म्हणजे पहाटे भरतीच्या तयारीला रोडनं पळायचं, दुपारभर मोबाईल, संध्याकाळी पारावर बसायचं. पोरींना तर तेवढंही नसतं, त्यांना घरकाम आणि बघायला येणारे पाहुणे. आणि नेमकं ह्याच दिवसांत साखर कारखान्यांचा पट्टा पडलेला असतो, म्हणजे गाळप संपलेलं असतं, ऊसतोडीला गेलेले कोयते (तोड करणारी नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता) गावाकडं आलेले असतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सगळा संसार भरून, आणि त्या संसारावर बसलेली लेकरं. ही लेकरं दिवाळीच्या आगंमागं गेलेली असतात, कुणी सांगलीकडं, कुणी कोल्हापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. जाताना तिसरीत, आल्यावर वर्ष संपलेलं. हजेरीपटावर त्यांचं नाव पुढच्या वर्गात सरकतं पण वाचता येत होतं तेवढंही मधल्या पाच महिन्यात पुसलेलं असतं.

म्हणजे एकाच गावात, एकाच महिन्यात, एकीकडं बारावी झालेली रिकामी पोरं आणि दुसरीकडं शिकायचं राहून गेलेली लेकरं. ह्या दोघांना समोरासमोर बसवलं तर काय होतं हे मी बरीच वर्षं बघतोय (मी झेडपीचा प्राथमिक शिक्षक आहे) आणि लेकरांना वाचता यायला लागतं हे तर आहेच, त्यावर बऱ्याच जणांनी लिहिलंय, पण मला आज लिहायचंय ते शिकवणाऱ्या पोरांबद्दल. कारण मला मनापासून वाटतं की चांगला शिक्षक कुठं सापडतो असं कुणी विचारलं तर मी त्याला मे महिन्यातल्या ह्या वर्गांकडंच बोट दाखवीन. मी स्वतः असाच आलोय ह्या लाईनला. कुणी करिअर गायडन्स दिला नव्हता, एका उन्हाळ्यात गल्लीतली लेकरं गोळा करून बसलो आणि कळलं की आपल्याला हे जमतंय आणि आपल्याला हेच करायचंय.

वर्ग कसा चालतो ते आधी सांगतो, नाहीतर लोकांना वाटतं उन्हाळी शिबिर म्हणजे चित्रकला आणि नाच. सकाळी साडेसातला मारुतीच्या सभामंडपात किंवा लिंबाखाली बसायचं, नऊ-साडेनऊला उठायचं, कारण दहानंतर आमच्याकडं ऊन बसू देत नाही. पहिल्या दिवशी फक्त बघायचं की कुणाला काय येतं. त्यासाठी 'असर' ह्या लेकरांचं वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणाचा कागद वापरतो, तोच जो 'प्रथम' ह्या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचे लोक 2005 पासून गावोगाव घेऊन फिरतात. एका कागदावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट. एकेका लेकराला शेजारी घेऊन बसायचं, वाच म्हणायचं, जिथं अडलं तिथं थांबायचं, रागवायचं नाही. गणितात अंक ओळख, मग हातच्याची वजाबाकी, मग भागाकार. एका लेकराला पाचेक मिनिटं लागतात.

ही पाच मिनिटं मी मुद्दाम पोरांनाच करायला लावतो, मी लांब बसतो. कारण अकरावी-बारावी झालेल्या पोराच्या डोक्यात असं असतं की चौथीतल्याला वाचता येतंच. मग समोरचं लेकरू 'पाणी' ह्या शब्दापाशी थांबतं, प वर बोट ठेवतं, काना बघतं, वर बघतं, परत बोट ठेवतं, आणि तिकडं ह्या पोराचा चेहरा बदलत जातो. इथून पुढं त्याला कुणी काही समजावून सांगायची गरज नसते. शिक्षणाची परिस्थिती ह्या विषयावर त्याला तासभर भाषण दिलं असतं तर जेवढं समजलं नसतं तेवढं त्या एका थांबलेल्या बोटानं समजतं.

मग गट पाडायचे. इयत्तेप्रमाणे पाडायचे नाहीत, जे येतंय त्याप्रमाणे पाडायचे. अक्षरवाले एकीकडं, शब्दवाले एकीकडं, उतारा-गोष्टवाले तिसरीकडं, तिसरीतलं आणि पाचवीतलं एकाच गटात आलं तरी चालतं. पाठ्यपुस्तक नाही, पोर्शन नाही, परीक्षा नाही. आधी गप्पा, मग बाराखडीचा तक्ता, मग गोष्ट बोट ठेवून वाचायची, मग जमिनीवर खडूनं लिहायचं. आणि पुढं गेलेल्या लेकराला लगेच पुढच्या गटात बसवायचं, त्यासाठी महिना संपायची वाट बघायची नाही.

हे उन्हाळ्यात इतकं चांगलं का जमतं ह्याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. बिहारमध्ये 2008 साली उन्हाळ्यात सरकारी शाळेतल्याच शिक्षकांनी महिनाभराची शिबिरं घेतली, ह्याच पद्धतीनं, आणि त्यावर अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो (2019 चं नोबेल मिळालेले तेच) ह्यांच्या टीमनं अभ्यास केला. उन्हाळ्यात लेकरांचं वाचन सुधारलं. पण शाळा सुरू झाल्यावर नुसतं ट्रेनिंग देऊन शिक्षकांनी वर्गात ते करावं अशी अपेक्षा ठेवली तेव्हा फरक पडला नाही. शिक्षक सरकारी शाळेतलेच बरं का! मी स्वतः वर्गावर असल्यामुळं ह्याचं कारण मला रोज दिसतं, जूनपासून मला पोर्शन पुरा करायचा असतो, माहिती भरायची असते, ॲप असतात, फोटो अपलोड करायचे असतात, आणि चौथीच्या वर्गात चौथीचं पुस्तक शिकवायचं असतं, समोरच्याला अक्षर येत असो की नसो. उन्हाळ्यात हे सगळं बाजूला होतं आणि शिकवणं तेवढं उरतं. जो तरुण पहिल्यांदाच शिकवतोय त्याला शिक्षकी पेशा असा निर्मळ भेटला तर त्याच्या मनात तो पक्का बसतो असं माझं मत आहे.

आता एका पोरीबद्दल लिहितो, नाव लिहीत नाही.

बारावी सायन्स झालेली, घरचा कोयता, म्हणजे आईबाप दोघंही तोडीला. लहानपणी ती पण उसाच्या फडावर जायची, नंतर आजीजवळ राहिली, गावातल्या हंगामी वसतिगृहात (आईबाप तोडीला गेलेल्या लेकरांची तेवढ्या महिन्यांची सोय) जेवायची आणि शाळा केली. तिच्या गटात एक पोरगा होता, दहा-अकरा वर्षांचा, नुकताच फडावरून आलेला, त्याला हातच्याची वजाबाकी काही केल्या जमत नव्हती. बेचाळीसातून सतरा. तो सरळ सातातून दोन घालवायचा आणि पस्तीस लिहायचा, दरवेळी, आणि दरवेळी तिच्याकडं बघून हसायचा. तिनं खराट्याच्या काड्या आणल्या होत्या, दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून. गठ्ठे म्हणून त्याला काही उमगेना. मग ही म्हणाली, अरे ही मोळी हाय. दहा उसाची मोळी. तुझ्याकडं चार मोळ्या आणि दोन उस सुट्टे, मला सात उस दे. तो म्हणाला दोनच हायत की. मग काय करशील? त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, एक मोळी सोडतो. आणि सोडलीच त्यानं, रबर काढून काड्या खाली पसरल्या, बारा झाल्या, सात तिच्या हातात मोजून दिल्या, पाच राहिल्या. मग राहिलेल्या तीन मोळ्यांतली एक उचलून तिला दिली. पंचवीस. आणि लगेच म्हणाला, अजून एक द्या ना ताई.

मी डीएडला, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या डिप्लोमाला, असताना आम्हाला पाठ टाचण काढायला लावायचे, उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, शैक्षणिक साधनं असे रकाने आखून. ते वाईट होतं असं मी म्हणणार नाही, त्यानं शिस्त लागते. पण मोळी कुठल्याच टाचणात नव्हती, ती ह्या पोरीच्या स्वतःच्या जगण्यातून आली. तिला फडावर मोळी कशी बांधतात, वाढ्यानं (उसाच्या शेंड्याच्या पानांनी) कशी आवळतात, डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवरनं कशी चढवतात हे माहीत होतं आणि त्या पोरालाही माहीत होतं. ज्या गोष्टीची तिला कॉलेजात लाज वाटायची (हे तिनंच मला नंतर सांगितलं) तीच गोष्ट तिथं कामाला आली. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर काड्या गोळा करता करता तिनं विचारलं, सर डीएडला काय लागतं?

हा प्रश्न मी दर मे महिन्यात ऐकतो, दरवर्षी दुसऱ्या कुणाच्या तोंडून. विचारणारे टॉपर असतातच असं नाही, उलट बऱ्याचदा नसतात. एक पोरगा होता, पोलीस भरतीची तयारी करणारा, सकाळी पळून घामाघूम होऊन तसाच वर्गावर यायचा, त्याच्या गटातली लेकरं त्याच्या आधी येऊन बसलेली असायची. त्याला घरी कुणी काही विचारायचं नाही आणि इथं बारकी बारकी लेकरं सर सर करत मागं फिरायची, आणि त्यांच्या आया वाटेत थांबवून विचारायच्या की आमचं वाचाय लागलं का ओ. ज्या तरुणाला गावानं आजवर फक्त रिकामटेकडा म्हटलंय त्याला पहिल्यांदा कुणीतरी कामाचा माणूस म्हणून बघतं, ह्याचा परिणाम केवढा होतो हे गावात राहणाऱ्यालाच कळेल. शिवाय फळ लगेच दिसतं. स्पर्धा परीक्षेत वर्षानुवर्षं जातात आणि हातात काही येत नाही, इथं ज्याला पहिल्या आठवड्यात अक्षर येत नव्हतं ते महिन्याच्या शेवटी उतारा वाचतं. एकदा हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला माणूस विसरू शकत नाही.

आणि पोरींच्या बाबतीत अजून एक गोष्ट, आमच्या भागात बारावीनंतर लग्न हे जवळजवळ ठरलेलंच असतं, काहींचं तर त्याच्याही आधी उरकतात. वर मी जिच्याबद्दल लिहिलं तिचे वडील शिबिराच्या शेवटच्या दिवशी येऊन मागं उभे राहिले होते. लेकरं एकेक करून गोष्ट वाचून दाखवत होती. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या आठवड्यात मला फोन करून विचारलं की ह्या कोर्सला किती वर्षं लागतात आणि बीडला हॉस्टेल मिळंल का. एका महिन्याच्या शिकवण्यानं हे झालं. मी समजावून हे झालं नसतं, मी आधी प्रयत्न केलेला आहे.

पण एवढं झाल्यावर पुढं काय, हे मला खरं खरं सांगावं लागतं आणि ते सांगताना माझा जीव तुटतो. दोन वर्षं डीएलएड करायचं (लोक अजून डीएडच म्हणतात). मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, जी राज्यात 2013 पासून आहे, दीडशे मार्कांची आणि त्यात खुल्या प्रवर्गाला साठ टक्के लागतात. मग टेट, ही टीईटीपेक्षा वेगळी, भरतीसाठीची दोनशे मार्कांची अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता परीक्षा, तिचं तर काही ठरलेलं वेळापत्रकच नाही, पहिली 2017 ला झाली, दुसरी 2023 ला, तिसरी 2025 ला. मग 'पवित्र' ह्या शिक्षक भरतीच्या सरकारी पोर्टलवर पसंतीक्रम भरून वाट बघायची. लागलं तर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, त्याचं मानधन 2023 साली सहा हजारावरून सोळा हजार केलं तेही इतकी वर्षं मागणी केल्यावर. जी पोरगी मोळीवरून वजाबाकी शिकवते ती पोरगी ह्या रांगेत पाच-सहा वर्षं उभी राहणार आणि तेवढ्या वर्षांत तिनं उन्हाळ्यात कमावलेलं कुणीही कुठंही मोजणार नाही. टेटच्या दोनशेपैकी एकशे वीस मार्क अभियोग्यतेचे, त्यात लेकराशेजारी बसता येतं का हे तपासणारा एकही प्रश्न येऊ शकत नाही. मला वाटतं ज्यानं गावात लेकरांना वाचायला शिकवलंय आणि ज्याची नोंद मुख्याध्यापकाकडं आहे त्याला डीएलएडच्या प्रवेशात तरी थोडं वजन मिळायला पाहिजे. एनसीसीचे मार्क मिळतात, खेळाचे मिळतात, मग ह्याचे का नाही?

आणि सगळ्यांनी झेडपीतच यावं असंही नाही. आमच्या वर्गांतून गेलेली एक जण आज अंगणवाडी सेविका आहे आणि फार छान काम करते, एक जण संस्थेत लागलाय आणि दुसऱ्या तालुक्यात अशीच पोरं तयार करतो, एकजण पोलीसच झाला. पोलीस झालेल्याचा मे महिन्यात फोन येतो, ह्या वर्षी किती लेकरं आली म्हणून.

ज्यांच्या घरात बारावी झालेलं कुणी आहे आणि ज्यांना खरंच ह्या लाईनला यायचंय त्यांच्यासाठी कामाचं थोडं लिहितो. पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर डीएलएडच करा, नुसतं बीएड चालत नाही, सुप्रीम कोर्टाचा ऑगस्ट 2023 चा निर्णय आहे तसा, आमच्याकडं अजून बरीच पोरं हे माहीत नसल्यामुळं पैसे घालवून बसतात. बारावीनंतरचा चार वर्षांचा एकत्रित बीएड कोर्सपण आता आहे, त्याची वेगळी प्रवेश परीक्षा असते, ज्याला परवडेल त्यानं तोही बघावा. डीएलएडचे फॉर्म निकालानंतर ऑनलाईन निघतात. त्याला जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाईल असं सगळं लागतं आणि जूनमध्ये तहसीलला आणि सेतूवर पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा निकालाची वाट न बघता ह्या दाखल्यांचे अर्ज आधीच टाकून ठेवा. आणि सकाळचे दोन तास मोकळे असतील तर आपल्या गावच्या शाळेत जाऊन गुरुजींना विचारा, ऊसतोडीवरून आलेल्या लेकरांची यादी त्यांच्याकडं असते.