तुम्ही विचारलंत म्हणून : पिकअपला किती टनाचा जॅक?

इंदूरमध्ये मालाची पिकअप बाळगणारे आणि ब्रेक-ग्रीसिंगची कामं घरीच करणारे लोक हा प्रश्न हमखास विचारतात. टनाचं उत्तर सोपं आहे : 3 टनाचा पोलादी ट्रॉली जॅक, म्हणजे चाकांवर सरकणारा, तेलाच्या दाबावर चालणारा. पण सियागंजात दुकानदारापुढे उभे राहाल तेव्हा टनाइतकीच चौकशी उंचीची करा. पिकअपवाले फसतात ते तिथेच.

जॅक एका वेळी गाडीचं एकच टोक उचलतो, म्हणून रिकाम्या पिकअपला 3 टन भरपूर होतात. पोती भरलेली असली की निम्म्याहून बराच जास्त भार मागच्या अ‍ॅक्सलवर येतो. माल उतरवा, मगच उचला.

आता उंची. पिकअपची चॅसी मुळातच उंच, त्यात मागे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. चॅसीखाली जॅक लावला तर बॉडी वर जाते, पण पाटे सैल होऊन अ‍ॅक्सल खाली लोंबतो आणि चाक जमिनीवरच राहतं. मागे म्हणून अ‍ॅक्सलच्या हौसिंगखालीच (बाहेरच्या कवचाखाली) उचलावं. बुटक्या कारसाठीचे चपटे जॅक इथे कमी पडतात. 50 सेंमीच्या आसपास वर जाणारा घ्या. बाजारात जाण्याआधी टेपने हौसिंगची आणि चॅसीची जमिनीपासूनची उंची मोजून लिहून न्या.

स्टँडचंही, म्हणजे उचललेली गाडी ज्यांवर टेकवायची त्या टेकूंचंही, तसंच. 3 टनी स्टँड साधारण 28 ते 42 सेंमी उंचीचे असतात, 6 टनी सुमारे 39 ते 60 सेंमी. पुढे चॅसीच्या रेलखाली टेकवायचं तर 6 टनीच लागतात, वजनासाठी नव्हे, उंचीसाठी. शिवाय त्यांची बैठकही रुंद असते. एकच जोडी घेणार असाल तर हीच घ्या; मागे चाक थोडं जास्त उचलावं लागेल इतकंच. लेबलावरचे टन एका स्टँडचे की जोडीचे, हे मात्र वाचून घ्या.

दातेरी खांबाचे स्टँड झटपट लागतात, पण खटका दातात पूर्ण बसला नाही तर भार येताच खांब घसरतो. 2020 साली अमेरिकेत याच दोषापायी 3 आणि 6 टनी स्टँड लाखोंच्या संख्येने परत मागवले गेले. आमची पसंती आरपार पिनवाल्यांना. दातेरीच असतील तर दुसरी सुरक्षा-पिन असलेले घ्या.

आणि जमीन. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात स्टँडचे पाय सरळ गिळते. उचलताना जॅकचा हात कमानीत फिरतो, त्यामुळे जॅकला चाकांवर थोडं पुढे सरकावंच लागतं. चाकं मातीत किंवा पेव्हरच्या फटीत अडकली तर जॅक जागेवर राहतो आणि त्याची वाटी (गाडीला टेकणारा माथा) अ‍ॅक्सलवरून निसटते. शक्यतो सपाट काँक्रीटवरच काम करा. नाइलाज असेल तर जॅकखाली पुरेसा लांब असा 6 मिमीचा लोखंडी पत्रा आणि प्रत्येक स्टँडखाली तशीच दीड फूट चौरस प्लेट. विटा नकोत, ब्लॉकही नकोत. ते न वाकता, इशारा न देता फुटतात.

हँडब्रेकवर विसंबू नका. तो मागच्या चाकांना लागतो, आणि मागची चाकं हवेत गेली की गाडीला धरणारं काही उरत नाही. गिअरमध्ये ठेवूनही भागत नाही : मागचं एकच चाक उचललं तर डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे) दुसरं फिरू शकतं. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी ठोका. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. स्टँड पाट्यांच्या बैठकीजवळ लावा, जॅक सावकाश सोडून पूर्ण भार त्यांवर येऊ द्या, मग गाडीला बाजूने जोरात हलवून पाहा. डुगडुगली तर पुन्हा उचला आणि नव्याने लावा.

नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, दोन मिनिटांसाठीही नाही. व्हॉल्व्हच्या गोळीखाली कचऱ्याचा कण अडकला तरी तेल मागे फिरतं आणि गाडी खाली बसते.

जॅक पूर्ण उंचीला जाईना झाला की बहुधा तेल कमी असतं किंवा आत हवा असते. हात पूर्ण खाली करून हायड्रॉलिक जॅक ऑइल भरा, व्हॉल्व्ह उघडा ठेवून दहा-पंधरा वेळा दांडा मारा. ब्रेक ऑइल चुकूनही घालू नका. त्याने सील फुगतात आणि जॅक कायमचा गळू लागतो.