चेंबरमधली माती आमच्याच घराखालची होती

सुरुवात मुंग्यांनी केली. सिंकच्या कोपऱ्यात स्कर्टिंगखालून रोज सकाळी चिमूटभर माती बाहेर पडलेली असायची. मी पुसायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग एकदा दिसलं की स्कर्टिंग आणि फरशी यांच्यात पोस्टकार्डाइतका पुठ्ठा आरामात सरकतो. भिंत जागेवर होती, म्हणजे खाली गेली होती ती जमीन.

स्लॅब म्हटलं की आपण छताकडे बघतो. मी सांगतेय ते पायाखालच्या काँक्रीटबद्दल. जोत्यात भराव, भरावावर साधारण दहा सेंटिमीटर काँक्रीट, त्यावर फरशी. भराव थराथरानं पाणी मारून, धुमस करून बसवला नसेल तर तो नंतर आपला आपण बसतो. काँक्रीट मात्र थोडंसंच खचतं आणि वरच अडकून राहतं. दोघांच्या मधे पोकळी.

पहिले गवंडी म्हणाले, "लादी सुटलीय ताई, काढून नवीन बसवू." खरं तर त्यांचं अर्धं बरोबर होतं. हातोडीच्या लाकडी दांड्यानं ठोकलं की लादी पोकळ वाजत होती. पण लादी उचलल्यावर खालचं काँक्रीट ठोकलं तर तेही बद्द वाजलं. हे दोन आवाज वेगळे आहेत आणि ते कानाला कळायला मला दोन रात्री लागल्या. सुटलेली लादी पातळ, टकटक अशी वाजते आणि आवाज लादीच्या कडेला संपतो. काँक्रीटखाली पोकळी असेल तर आवाज खालच्या पट्टीतला, घुमणारा येतो आणि लाद्यांचे सांधे ओलांडून पुढे जातो. घर शांत झाल्यावर मी वीतभर अंतरानं ठोकत गेले आणि बद्द वाजेल तिथे खडूनं फुली मारली. सगळ्या फुल्या जोडल्यावर सुमारे तीन चौरस मीटरचा, एका बाजूला शेपटी निघालेला आकार झाला. ती शेपटी मोरीकडे जात होती. तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं.

रडारनं जमीन तपासणारे असतात. मोठ्या जागेत किंवा पाईप नक्की कुठून गेलेत हे माहीत नसेल तर ते बोलवावेतच. आमची जागा छोटी आणि पाण्याच्या व विजेच्या लाईन कुठून जातात हे माहीत होतं, म्हणून बारा मिलिमीटरची तीन भोकं पाडली. पहिल्या भोकात ड्रिल एकदम खाली धसला आणि ओल्या मातीचा वास वर आला. तारेला टोकाशी आकडा करून काँक्रीटच्या खालच्या कडेपासून मातीपर्यंत मोजलं: सात सेंटिमीटर. दुसऱ्यात चार. तिसऱ्यात काहीच नाही, माती काँक्रीटला टेकलेली.

मला लगेच सिमेंट ओतायचं होतं. दुसरे मिस्त्री, वयानं मोठे, शांतपणे म्हणाले, "आधी माती गेली कुठं ते बघा."

रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवला. सकाळी तोच. म्हणजे पुरवठ्याचा पाईप निर्दोष. मग प्लंबरनं चेंबरकडचं ड्रेनेजचं तोंड बुच मारून बंद केलं, मोरीच्या जाळीपर्यंत पाणी भरलं आणि खूण केली. अर्ध्या तासात पाणी तीन सेंटिमीटर उतरलं. भराव बसताना त्यानं पाईपही खाली ओढला होता आणि भिंतीजवळचा सांधा निसटला होता. पाणी तिथून बाहेर जायचं आणि परत पाईपात येताना बारीक माती घेऊन यायचं. दर दोन-तीन महिन्यांनी आम्ही चेंबरमधला गाळ उपसायचो आणि रस्त्यावरची धूळ म्हणून सोडून द्यायचो. घमेल्यानं बाहेर टाकत होतो तो आमचाच भराव!

मोरीजवळ काँक्रीटची पट्टी कापून सांधा बदलला, पुन्हा पाणी भरून तपासला, खड्डा थराथरानं धुमसून भरला. हे कंटाळवाणं काम होतं आणि सगळ्यात महत्त्वाचंही तेच होतं.

भरायचं कशानं, यावर घरात चर्चा झाली. फुगणारा पॉलियुरेथेन फोम हलका, भोकं लहान लागतात, मिनिटांत घट्ट होतो. पण तो यंत्रानं, सरावाच्या हातानंच भरावा लागतो. आम्हाला काँक्रीट उचलायचं नव्हतं, फक्त खाली आधार द्यायचा होता. म्हणून सिमेंट, बारीक वाळू आणि पाण्याचा पातळ ग्राउट ठरला.

ग्राउट भोकात ओतायला मिस्त्रींच्या मदतनीसानं कमरेइतकी उंच नळी आणली होती. ओळखीच्या अभियंत्यानं ती कापायला लावली. दहा सेंटिमीटर काँक्रीटचं वजन चौरस मीटरला सुमारे 240 किलो. एक मीटर उंच ग्राउटचा दाब त्याच्या कितीतरी पट. हवेला आणि ग्राउटला वर यायला भोकं उघडी नसतील तर आहे ती फरशीही उचकटायची. आम्ही भोकं वाढवून सात केली, नळी वीतभर ठेवली. एका भोकातून ओतायचं, शेजारच्यातून वर आला की तिथे लाकडी खुंटी ठोकायची. भाऊ चेंबरपाशी टॉर्च घेऊन बसला, कारण ग्राउट पाईपात शिरून घट्ट झाला असता तर नवीनच दुखणं.

हिशेबानं अडीच पोती सिमेंट पुरायला हवं होतं. तिसरं फोडलं तरी शेवटच्या भोकात काही दिसेना. चेंबर स्वच्छ. शेवटी आई मागच्या दारातून ओरडली. जोत्याबाहेर उंदराच्या बिळातून राखाडी ओघळ येत होता. ओल्या गोणपाटानं बीळ दाबलं, तासभर थांबलो, मग पुढचं ओतलं. चार पोती गेली.

दुसऱ्या दिवशी ग्राउट बसून थोडा खाली गेला होता. वरून भर घातली. आठवड्यानं पुन्हा ठोकलं. ओट्याच्या पायाशी ताटलीएवढी जागा अजून बद्द. तिथे एक भोक, अर्धी बादली, आणि तीही गप्प झाली.

भिंतीवर एक तडाही होता. स्कर्टिंगची फट बुजवण्याआधी त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मारून तारीख घातली होती. सहा महिने झाले, तडा रेघेच्या आतच आहे. सिंकसमोरची एक लादी मात्र अजून टकटक वाजते. ती काढून बघितली. ती खरंच फक्त लादीच आहे.