धारावीत चामडं घ्यायला जाताय? खिशात पाण्याची बाटली ठेवा

सव्वासातची डेक्कन क्वीन पकडून दादर, तिथून धीमी लोकल, माटुंगा सोडून शीव, आणि पश्चिमेला उतरून चालत धारावी. यात सांगण्यासारखं काही नाही. दिवस बिघडला तो दुसऱ्याच दुकानात.

पाकीट आणि पट्टा स्वतः शिवायचे म्हणून मला व्हेज टॅन हवं होतं, म्हणजे झाडांच्या सालीत कमावलेलं चामडं. ते पाणी पितं, त्यावर ठसा उठतो आणि कडा घासली की गुळगुळीत होते. दुकानदाराने तपकिरी रंगाचं म्हशीचं चामडं पसरलं. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा उत्तर आलं, "प्युअर व्हेज है भाई." पाठीमागे खडूने १७ लिहिलेलं होतं. १७ चौरस फुटांचे पैसे मोजले आणि निघालो.

घरी कात्रीने पहिला कोपरा कापला. कडेच्या मधोमध निळसर राखाडी रेघ! वर नुसता तपकिरी रंगाचा थर. पाण्याचा थेंब टाकला, तो पाच मिनिटं तसाच गोल बसून राहिला. तरी मन मानेना. दोन संध्याकाळी पाणी आणि मेण लावून कडा घासत बसलो आणि तंतू पुन्हा पुन्हा फुलून वर येत राहिले. ते क्रोम टॅन होतं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं. मग जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून एकेक फुटाचे चौकोन आखले आणि चामडं मोजलं. भरलं साडेपंधरा. त्यातही पोटाकडचा भाग इतका सैल की ओढला की लांबतो. पाकिटाला तो चालत नाही, पट्ट्याला तर नाहीच.

म्हणून सांगतो, दुकानातच कोपऱ्याची बारीक चकती कापून मागा. कापू देत नसतील तर तिथून उठा. कापलेली कड उजेडात बघा, मधे निळसर झाक दिसली तर क्रोम. मग मागच्या बाजूने आणि वरून पाण्याचा एकेक थेंब टाका. वरच्या बाजूला थेंब जिरून डाग गडद झाला, आणि ओल्या जागी नख दाबल्यावर खूण राहिली, तरच पैसे काढा. मागून दोन्ही प्रकारचं चामडं पाणी शोषू शकतं, त्यामुळे निकाल वरच्या बाजूवरच लावायचा. वासावर अजिबात जाऊ नका. क्रोम वाईट नसतं, मऊ पिशवीला उत्तम. पण हाताने शिवायला शिकणाऱ्याने त्यापासून सुरुवात करू नये, हे माझं ठाम मत.

एक चौरस फूट म्हणजे सुमारे ९.३ चौरस डेसिमीटर. कुठे डेसिमीटरमध्ये भाव सांगितला तर हिशोब करूनच होकार द्या. पाकिटाला १.२ ते १.५ मिलिमीटर जाडी हवी, पट्ट्याला साडेतीन ते चार. साध्या पाकिटाला दीड-दोन चौरस फूट पुरतं, अख्खं कातडं नकोच. पाठीकडचा तुकडा मागा, किंवा किलोवर मिळणाऱ्या कापांमध्ये शोधा. शोधायला तासभर उभं राहावं लागतं, पण पहिले दोन महिने तेवढ्यावर निघतात.

हत्यारांतही मी फसलो होतो, ते आधीच. चाळीस नगांचा ऑनलाइन संच घेऊ नका. त्यातल्या टाक्याच्या पंचाचे, म्हणजे शिवणीची भोकं पाडायच्या हत्याराचे, दात इतके खरबरीत की चामड्यात रुतले की निघत नव्हते. सुटं घ्या: ४ मिलिमीटर अंतराचे दोन पंच, सरळ रेषेला सहा दातांचा आणि वळणाला दोन दातांचा. ठोकायला लाकडी किंवा नायलॉनची मोगरी. लोखंडी हातोडीने पंचाचं डोकं पसरतं. पोलादी पट्टी, १८ मिलिमीटरचा कटर, बोथट टोकाच्या दोन सुया, मेण लावलेला ०.८ मिलिमीटरचा पॉलिएस्टर दोरा. दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर काढायच्या असतात, म्हणून दोरा शिवणीच्या चौपट घ्या. हे सगळं मला पुण्यात बोहरी आळीत आणि एका स्टेशनरीच्या दुकानात मिळालं असतं. फक्त पंच मागवावे लागले.

पुढच्या महिन्यात कोल्हापूरला गेलो, दिवस छान गेला. चपला करणाऱ्या एका काकांना धारावीचा तुकडा दाखवला. त्यांनी रापीने, म्हणजे चामडं कापायच्या सुरीने, कड तासली, बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे क्रोम हाय बाळा. आमच्यात बाभळीची साल आन् हिरडा." शेजारच्या घमेल्यात भिजत पडलेली एक पट्टी काढून त्यांनी ती माझ्यासमोर वाकवली, नखाने रेघ ओढली. रेघ तशीच राहिली. तेवढं एक मिनिट आधी कुणी दाखवलं असतं तर माझे पैसे वाचले असते. रापी मीही घेतली, पण पथरीवर धार लावायला शिकेपर्यंत तिला हात लावणार नाही. बोथट रापी सरकते आणि बोटावर येते.

परतताना चामडं घडी घालून सुतळीने बांधू देऊ नका. माझ्या त्या सतरा फुटांवर, म्हणजे साडेपंधरांवर, घडीच्या दोन रेघा कायमच्या उमटल्या आहेत. वरची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळी करा, जुनी चादर सोबत न्या आणि लोकलमध्ये ती उभी धरा.