हजार गोलांच्या डब्यात

पाठ्यपुस्तकात इष्टिकाचितीचे घनफळ आणि गोलाचे घनफळ ही दोन सूत्रे एकाच प्रकरणात शेजारी शेजारी भेटतात. त्यामुळे एकाला दुसऱ्याने भागले की डब्यात किती गोल मावतात ते कळते, असा एक भाबडा समज नकळत मनात मुरतो. माझ्या मनात तो बरीच वर्षे मुरला होता. परवा सहज एक प्रश्न घेऊन बसलो: आतून प्रत्येक बाजू १० सेंटिमीटर असलेल्या डब्यात १ सेंटिमीटर व्यासाचे टणक गोल जास्तीत जास्त किती बसवता येतील? भागाकार केला, उत्तर आले १९०९. त्याच प्रकरणात धातूचे गोळे वितळवून त्यांच्या चिती बनवण्याची उदाहरणे असत, आणि हा भागाकार तिथेच शोभतो. गोल गोलच राहणार असतील, तर त्यांच्यामधल्या फटींचे काय करायचे, याविषयी सूत्र मौन पाळते.

मग शिस्तीने बसलो. एका ओळीत १० गोल, अशा १० ओळींचा एक थर आणि असे १० थर, म्हणजे नेमके हजार. डबा काठोकाठ भरलेला, प्रत्येक गोल आपल्या घनाकृती खोलीत एकटा, कुठेही काही डगमगत नाही. ही रचना इतकी नीटस दिसते की यापुढे काही करण्यासारखे असेल अशी शंकासुद्धा येत नाही. प्रत्यक्षात तिच्यात डब्याचा जेमतेम ५२ टक्के भाग भरलेला असतो आणि उरलेला जवळजवळ अर्धा डबा रिकामा असतो. नीटनेटकेपणा आणि काटकसर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पटायला मात्र कागदाची एक पूर्ण पाठपोट बाजू खर्ची पडली.

चूक कुठे होते ते उघड आहे. वरचा गोल खालच्या गोलाच्या डोक्यावर ठेवला, तर तो पूर्ण १ सेंटिमीटर उंची खातो. तोच चार गोलांमधल्या खळग्यात ठेवला, तर तो खाली घसरतो आणि थराथरांतले अंतर ०.७०७ सेंटिमीटरवर येते. खळगे मात्र ९ गुणिले ९, म्हणजे ८१च असतात. तेव्हा शंभराचा थर, त्यावर एक्याऐंशीचा, पुन्हा शंभराचा, असे आलटून पालटून १३ थर डब्यात मावतात आणि बेरीज होते ११८६. एकोणीस गोलांचा तोटा दर दुसऱ्या थराला सोसूनही तीन थर जास्त बसल्यामुळे हा व्यवहार फायद्यात राहतो.

खरी गंमत थराची मांडणीच बदलल्यावर सुरू झाली. ओळीत १० गोल ठेवायचे आणि पुढच्या ओळीतले ९ त्यांच्या बेचक्यांत सरकवायचे, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्‌कोनी वीण तयार होते. दोन ओळींतले अंतर ०.८६६ सेंटिमीटर होते, दहाऐवजी ११ ओळी बसतात आणि थरात १०५ गोल येतात. शेवटच्या ओळीपुढे ०.३४ सेंटिमीटरची पट्टी मात्र रिकामी राहते. ती पट्टी मला डोळ्यांत खुपू लागली. दोन ठिकाणी बेचक्यात न सरकवता १०ची ओळ सरळ १०च्या ओळीला भिडवली, तर दोन्ही जागी मिळून ०.२७ सेंटिमीटर जादा लागतात आणि तेवढी जागा तर आहेच! तसे केल्यावर दहाच्या ओळी सात, नवाच्या चार आणि एकूण १०६ गोल झाले. एका गोलाच्या कमाईने माणसाला इतका आनंद व्हावा याचे त्रयस्थाला हसू येईल, पण ज्याने वर्गमुळे हाताने काढली आहेत त्याला येणार नाही.

आनंद वरच्या थरापर्यंतच टिकला. षट्‌कोनी थरावर दुसरा थर खळग्यांत बसवायचा, तर तो आडवा ०.२८९ सेंटिमीटर सरकवावा लागतो, आणि माझ्या १०६च्या थरात सरकायला आता ०.०७ सेंटिमीटरच शिल्लक होते. शिवाय जिथे दोन ओळी सरळ भिडल्या होत्या, तिथल्या खळग्यांची ठेवणही बाकीच्यांशी जुळेना. म्हणजे जी पट्टी मी वाया गेलेली समजत होतो, ती वरच्या थराने आधीच मागून ठेवली होती. १०६वा गोल निमूटपणे काढून घेतला. १०५च्या थरावर दुसरा थर ०.२८९ सेंटिमीटर सरकवून ठेवला, तो भिंतीपासून जेमतेम ०.०५ सेंटिमीटरवर थांबला. त्याच्या ओळी ९ने सुरू होऊन ९वर संपतात, त्यामुळे त्यात १०४ गोल येतात.

आता उंची. असे दोन थर एकमेकांपासून ०.८१६५ सेंटिमीटरवर असतात. पहिल्या आणि शेवटच्या थरातल्या गोलांच्या केंद्रांना मिळून ९ सेंटिमीटरचा वाव आहे, आणि १२ थरांमधली ११ अंतरे भरतात ८.९८ सेंटिमीटर. दोन दशांश मिलिमीटरने बारावा थर वाचला! सहा थर १०५चे आणि सहा १०४चे, बेरीज १२५४. हजारांनी काठोकाठ भरलेला म्हणून ज्या डब्याकडे मी समाधानाने पाहत होतो, त्यात आणखी २५४ गोलांची सोय होती.

यापेक्षा जास्त मावणारच नाहीत, असे मी सिद्ध केलेले नाही. वरची एक मर्यादा मात्र सांगता येते. इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅले यांच्या तोफगोळ्यांच्या ढिगांवरून गणितज्ञ थॉमस हॅरियट यांनी हा विचार सुरू केला, त्यांच्या पत्रव्यवहारातून तो खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरपर्यंत पोहोचला, आणि हिमकणांवर लिहिलेल्या छोट्या पुस्तिकेत केप्लरने १६११ साली म्हटले की तोफगोळ्यांच्या त्या ढिगापेक्षा दाट रचना असूच शकत नाही. तिची घनता, म्हणजे गोलांनी व्यापलेला जागेचा वाटा, ७४.०५ टक्के. डोळ्यांना दिसणारी ही गोष्ट सिद्ध व्हायला १९९८ साल उजाडले. गणितज्ञ टॉमस हेल्स यांनी सॅम्युअल फर्ग्युसन यांच्या साहाय्याने दिलेली सिद्धता संगणकीय आकडेमोडीने इतकी लांबली होती की बारा परीक्षकांनी वर्षानुवर्षे ती तपासून ‘९९ टक्के खात्री’ एवढाच निर्वाळा दिला. उरलेल्या एका टक्क्याने हेल्स यांना स्वस्थ बसू दिले नाही. त्यांनी प्रत्येक पायरी संगणकाकडून तर्काच्या नियमांनी पडताळून घेण्याचा प्रकल्प हाती घेतला आणि तो २०१४ साली पुरा झाला. एका वहीत मावणाऱ्या प्रश्नासाठी चार शतके हा हिशोब मला अजूनही अविश्वसनीय वाटतो.

त्या घनतेने माझ्या डब्यात १४१४ गोल होतात. डब्याला डबा लावून सगळे अवकाश भरता येते, म्हणून कोणताही डबा ही मर्यादा ओलांडू शकत नाही. मग १२५४ आणि १४१४ यांमधले १६० गोल गेले कुठे? ते भिंतींनी खाल्ले. केप्लरच्या प्रश्नाला भिंतीच नाहीत. तिथे नवाच्या ओळीला दहावा गोल सहज मिळतो. डब्यात मात्र त्या ओळीच्या दोन्ही टोकांना अर्धा अर्धा गोल कापला जातो, आणि अर्धा गोल ठेवता येत नाही.

डबा लहान असेल, तर भिंतींचा हा वाटा इतका वाढतो की सगळा खळग्यांचा व्यवहारच आतबट्ट्याचा ठरतो. ३ सेंटिमीटरच्या डब्यात सरळ रचनेने २७ गोल बसतात, शंभर आणि एक्याऐंशीच्या धर्तीवर रचले तर २२च. ४ सेंटिमीटरला पारडे फिरते, ६४च्या जागी ६६. आता पुढे खळगेच जिंकत जाणार, असे म्हणून मी ५ सेंटिमीटरचा हिशोब केवळ उपचार म्हणून केला. पंचवीसचे तीन थर, सोळाचे तीन थर, एकूण १२३. सरळ रचनेचे १२५. बेरीज चुकली असेल म्हणून दोनदा करून पाहिली. षट्‌कोनी थर लावून पाहिले, तर ११३. त्या डब्यात गोल अजून माझ्या कागदावर एकमेकांच्या डोक्यावर, सरळ रांगेत उभे आहेत.